पातळ सोलची जोडी

मित्रांनो, बुटांच्या जगात तीन वर्षं म्हणजे म्हातारपण. त्या मानानं मी म्हातारी झाले. मी पळायच्या बुटांची जुनी जोडी आहे. महागाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर, हंसाबाईच्या घरात, दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. डावा आणि उजवा मिळून मी एकच, म्हणून एकटीच बोलते. माझ्या आयुष्यात सुख थोडं आणि धक्के फार. काही धक्के असे की आजही आठवले की लेस ताठ होतात.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. मला शिवणारी बाई कमी बोलणारी होती, पण तिचा हात साफ. बाकीच्या बुटांना तिथं टाचेखाली गादीसारखा फोम लावत. मला काहीच नाही. माझी सोल भाकरीच्या पापुद्र्यापेक्षा थोडी जाड, एवढीच. टाच उंच नाही, बोटांपासून टाचेपर्यंत सगळं सपाट. पुढचा भाग मात्र रुंद, बोटं मोकळी पसरावीत असा. शेवटी एका माणसानं मला पोळीसारखं गुंडाळलं आणि सोडून दिलं. मी टणकन पहिल्यासारखी झाले. तो म्हणाला, "पास." मित्रांनो, मला तेव्हा फार अभिमान वाटला. अनवाणी पळणाऱ्या पायाला काट्याखड्यापासून जपायचं आणि बाकी त्याच्या मध्ये यायचं नाही, एवढंच माझं काम. थोडं काम, पण ते नीट करायचं.

पहिला धक्का पुण्यात बसला. एका मोठ्या हुद्द्याच्या साहेबानं मला घरपोच मागवलं. त्याचे पाय इतके मऊ होते की लोण्यानं लाजावं. आयुष्यभर जाड बुटांत राहिलेली बोटं एकमेकांना चिकटून बसलेली, लग्नातल्या फोटोत बसतात तशी. हा बाबा पहिल्याच दिवशी मला घालून डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर पळाला, तेही धाडधाड टाच आपटत. जाड बुटात ते खपून जातं. माझ्यात नाही खपत. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटऱ्या दगड झाल्या. त्यानं मला खोक्यात भरून परत पाठवलं आणि वर लिहिलं, सोलच नाही, फसवणूक आहे.

माझ्यात खोट काढली. पाय त्याचे कच्चे, आणि खोट माझ्यात. मी खोक्यात पडून राहिले, दुसरं करते काय.

परत आलेला माल ज्या गोदामात ठेवतात, तिथं बादल नावाचा पोरगा कामाला होता. पोरगा म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा, मिशा असलेला. त्याच्या पाकिटात पऱ्हाटीची एक वाळकी काडी होती. वीतभर लांब, दोन्ही टोकं तोडलेली. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. तो परत आलेल्या एकेका बुटात ती काडी घालून बघायचा. मला वाटलं पोराचं डोकं फिरलं. मग कळलं की त्याच्या गावाकडे असंच माप घेतात. बहिणीचा पाय काडीवर ठेवायचा, अंगठ्याजवळ काडी मोडायची, आणि बाजाराला जाणाऱ्याच्या हाती द्यायची. पाय घरी राहतो, काडी बाजार करून येते.

काडी माझ्यात बरोबर बसली. बादलनं गोदामाच्या साहेबांना विचारून मला घेतलं आणि होळीला तांड्यावर आणलं.

तिथं मी वर्षाचे पाय पाहिले. वर्षा म्हणजे बादलची धाकटी बहीण, वीस वर्षांची. मित्रांनो, मी हादरले. रुंद, काळे, तळव्याला भेगा, आणि पाचही बोटं अशी सुटी की जणू पाच शेजारी, प्रत्येकाचं अंगण वेगळं. ती जन्मभर अनवाणी पळाली होती. शेतात, बांधावर, शाळेच्या रस्त्यावर. तिला पोलिसात भरती व्हायचं होतं. मागच्या साली भरतीला आठ दिवस राहिले असताना कापलेल्या पऱ्हाटीचं खुंट तिच्या उजव्या टाचेत घुसलं आणि ती मैदानावर जाऊच शकली नाही. जखम भरली, पण जागा कच्ची राहिली. खड्यावर पडली की अजून चिघळायची. म्हणून बूट हवे होते, आणि जाड बुटांत तिला पळता येईना. तिला पायाखालची जमीन कळावी लागायची.

तिची आई हंसाबाई. तांड्यात आईला याडी म्हणतात. हंसाबाईचं बोलणं म्हणजे विळा. चांगलं बोलली तरी थोडं कापायचंच. तिनं होळीच्या वेळी सगळ्या बायांसमोर सांगून टाकलं होतं, "माही पोरगी खाकी घालून या तांड्यात येईन. नाई आली तं मले हंसाबाई म्हणू नोका, वाटलं ते म्हणा." झालं. आता पोरीच्या पायावर आईचं नाव टांगलेलं.

हंसाबाईनं मला हातात घेतलं, अंगठ्यानं माझा पुढचा भाग दाबला आणि नाक मुरडलं.

"काय रे बादल, पुढं एवढी जागा? उंदीर संसार करीन इथं."

"याडी, ते तसेच असते. बोटं पसरायले जागा लागते."

"बोटं काय झोपायले चालले काय पसरून? आन हे सोल पाय. पापड बरा याच्यापेक्षा."

वर्षानं मला घातलं आणि अंगणात दोन उड्या मारल्या. मग नुसती हसली. मला तेवढं पुरलं. पुण्याच्या साहेबाला शिकवता शिकवता माझा जीव गेला असता. या पोरीला मला काहीच शिकवायचं नव्हतं. तिचा पाय माझ्यापेक्षा शहाणा होता. ती टाच आपटत नव्हती. पायाचा पुढचा भाग अलगद टेकायचा आणि लगेच उचलायचा, जमीन तापलेली आहे असं समजून.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आत आला तो अडखळतच. माझ्या पुढच्या टोकात काहीतरी कोंबलेलं होतं. कापूस. घरचाच, सरकी काढलेला, चांगला मूठभर. हंसाबाईनं जागा भरून टाकली होती. तुम्हीच सांगा, ज्यांच्या घरात पोत्यांनी कापूस असतो, त्यांना रिकामी जागा दिसली की दुसरं काय सुचणार. ती बाई उशी भरते, गादी भरते, तसं तिनं मला भरलं. माझी अख्खी शोभा ती मोकळी जागा, आणि तिनं तिथं बोळा कोंबला.

आईनं केलेलं काढून टाकायची वर्षाची हिंमत नव्हती. आठ दिवस ती तशीच पळाली. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं.

ते लालसिंग काकांनी पकडलं. लालसिंग फौजेतून निवृत्त झालेले, तांड्यातलेच. सकाळी मुरमाच्या रस्त्यावर तीन-चार पोरींना पळवायचे. गळ्यात स्टॉपवॉच, तोंडात बाभळीची काडी. त्यांनी वर्षाला लंगडताना पाहिलं, मला काढायला लावलं, आत बोटं घातली आणि कापूस ओढून बाहेर काढला. एकदम नाही निघाला. ओढतच राहिले, जादूगार रुमाल काढतो तसा.

"वर्षे, तू पळून राह्यली का जिनिंगले माल घेऊन चालली?"

जिनिंग म्हणजे कापसाची सरकी काढायची गिरणी. पोरी हसल्या. वर्षाही हसली, पण हंसाबाई हसली नाही. ती पाण्याची घागर घेऊन नेमकी तिथूनच जात होती.

"मी भरला तो कापूस. ढिल्ला होता बूट."

"वैनी, ढिल्ला नाई. या पाण्यात पाय भिजव वं वर्षे, आन शाळेच्या वसरीवर उभी राय."

वर्षा ओला पाय घेऊन फरशीवर उभी राहिली. आधी अंग न टाकता, मग पूर्ण भार देऊन. दोन ठसे उमटले. दुसरा ठसा पहिल्यापेक्षा अर्ध्या पेराएवढा जास्त रुंद होता आणि लांबीलाही जास्त.

"पाहा वैनी. तुमची काडी बसल्या पायाचं माप घेते. पळणारा पाय येगळा असते. भार पडला का तो पसरते."

हंसाबाईनं दोन्ही ठसे बघितले. म्हणाली, "माह्या मायनं काडीवर मापं घेतली, तिच्या मायनं घेतली. त्यायचे पाय काय लंगडे होते?" आणि घागर घेऊन निघून गेली. पण पुन्हा कापूस भरला नाही. माघार घेतली तरी तिची पाठ ताठच.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. उन्हाळाभर आम्ही मुरमावर पळालो. पाऊस लागला की काळी माती माझ्या तळाला धरायची, अशी की पाचव्या पावलाला एकेक पाय किलोभराचा व्हायचा. वर्षा थांबायची, काडीनं माती खरवडायची, पुन्हा पळायची. तिची वेळ कमी होत गेली. लालसिंग काका दर आठवड्याला घड्याळ दाखवायचे, आणि भरतीत आठशे मीटरला जी वेळ ठरलेली असते, तिच्या ती जवळ येत गेली. दिवाळीच्या सुमारास दोन सेकंद आत आली. भरतीची तयारी करणाऱ्या पोरी तिच्या पायाकडे बघून विचारायच्या, "कोठून घेतले वं?" तेव्हा मी मनातून फुलायचे.

तरी खरं सांगते, मी झिजत होते. मुरूम हा दगडाचा भुगा, तो सोलला कानशीसारखा घासतो. उजव्या अंगठ्याखाली माझी सोल कागदाएवढी झाली. त्यात त्याच उन्हाळ्यात एकदा हंसाबाईनं मला सोड्याच्या पाण्यात उकळून धुतलं होतं आणि वैशाखात छपराच्या टिनावर वाळत घातलं होतं. माझ्या अंगातलं सोल्यूशन वितळलं. सोलची कड सुटायला लागली. वर्षानं सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावून चिकटवली. लालसिंग काका म्हणाले, "भरतीपुरती जाते ही जोडी. मैदान झालं का रिटायर."

हे हंसाबाईनं ऐकलं, पण तिनं ऐकलं ते एवढंच की जोडी जाणार आहे.

मैदान म्हणजे भरतीची पळायची परीक्षा. ती यवतमाळला होती. तारीख आली. तीन दिवस राहिले असताना महागावचा आठवडी बाजार होता. वर्षा कापूस वेचायला शेतात गेली होती. हंसाबाईनं मला पिशवीत टाकलं, मिरच्यांच्या पुड्याखाली, आणि थेट सदाशिवरावांकडे गेली. सदाशिवराव बस थांब्याजवळ चपला शिवत बसतात. त्यांची टायरची वहाण दहा वर्षं जाते असा त्यांचा लौकिक. शेतात काटा लागू देत नाही, विंचू आला तरी आधी टायरला डसतो.

"सदाशिवराव, याले टायर ठोका."

सदाशिवरावांनी मला हातात घेऊन वाकवलं, गुंडाळलं, सोडलं. त्यांच्या हातानं मला लगेच ओळखलं, हे मला कळलं.

"बाई, ही वाकणारी चीज हाय. याले टायर लावणं म्हंजे शेळीच्या मानेवर बैलाचं जू."

"फाटून राह्यलं ते. पोरगी सरकारी मैदानावर पळणार हाय. मधातच सोल निघाला तं सारं यवतमाळ हासन."

"पोरीले इचारलं काय?"

"पोरीले कायले इचारू? जन्माले मी घातली का तिनं मले?"

सदाशिवरावांनी टायर पुढे ओढला. मग म्हणाले, "तुमची मर्जी." त्यांनी ट्रकच्या टायरचे दोन तुकडे कापले, सोल्यूशन फासलं, जाड दोऱ्यानं शिवण मारली आणि कडेकडेनं चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या. मित्रांनो, एकेक चूक आत जात होती आणि मला वाटत होतं, हे माझ्याशी होत नाही, दुसऱ्याच कुणाशी होतंय. ज्या हातांना मी काय आहे ते कळलं होतं, तेच हात ठोकत होते. काम मात्र चोख. तेच तर वाईट. खराब काम असतं तर सुटलं असतं.

संध्याकाळी वर्षा शेतातून आली. हंसाबाईनं मला ओसरीवर मधोमध मांडलं होतं.

"घे. आता तुही नातबी घालीन."

वर्षानं एका हातानं उचललं आणि तिचा हात खाली गेला. तिनं मला वाकवून पाहिलं. मी वाकले नाही. वाकूच शकले नाही. तिनं मला घातलं, लेस बांधल्या आणि लिंबाच्या झाडापर्यंत पळून आली. धप, धप, धप. हा आवाज आमचा नव्हता.

"याडी, हे काय केलं?"

"मजबूत केलं."

"मंगळवारी पळायचं हाय मले."

"मंग पळ ना. धरलं काय कोणी?"

कुणीतरी लालसिंग काकांना सांगितलं. ते आले, मला पाहिलं, आणि त्यांच्या तोंडातली काडी खाली पडली. उजेड होता तोवर त्यांनी वर्षाला रस्त्यावरच्या खुणेपासून खुणेपर्यंत पळवलं. घड्याळ थांबवलं आणि हंसाबाईसमोर धरलं.

"अकरा सेकंद जास्त."

"घड्याळ बिघडलं असन."

"घड्याळ नाई बिघडलं वैनी."

हंसाबाई घड्याळाकडे बघत राहिली. तिला आकडे वाचता येत होते, तेवढे येत होते. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या चेहऱ्यावरून रंग जाताना मी पहिल्यांदा पाहिला.

मग पकड आणली. चुका निघाल्या, शिवण उसवली. पण सोल्यूशन निघेना. लालसिंग काकांनी जोर लावला तेव्हा टायर निघाला, आणि टायरबरोबर माझी सोलही निघाली. अख्खी. दोन्ही पायांची. माझ्या आरपार हात जात होता. वर तेवढं कापड उरलं, खाली काहीच नाही. पुण्याच्या साहेबानं लिहिलेलं अखेर खरं झालं. सोलच नाही.

"अनवाणी पळते मी," वर्षा म्हणाली.

"टाच?" लालसिंग काका म्हणाले. "मैदानावर बारीक गिट्टी हाय. पहिल्या फेरीत रक्त येईन."

"मंग नवे घेऊ."

"तीन दिवसांत नवा बूट? पायाले फोड येतीन. आन जाड टाचेत तुह्यानं पळणं नाई होत, ते तुले बी माहीत हाय."

मला वाटलं हंसाबाई आता रडेल. रडली नाही. वर्षाच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि स्वतः न जेवता आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर तिनं लोखंडी पेटी उघडली. आतून कशिद्याची सुई काढली, मेणाचा दोरा काढला. तांड्यातल्या बाया आरसे आणि कवड्या लावून जे कपडे शिवतात, त्यांना दहा पदर एका टाक्यात धरावे लागतात. हंसाबाईच्या टाक्याला आजूबाजूच्या चार तांड्यांत तोड नव्हती, पण डोळे कमी झाल्यापासून तिनं सुई धरली नव्हती. तिनं जुन्या जाड खादीचे तुकडे अंथरले. सायकलची एक फाटकी ट्यूब उभी चिरली. आणि वर्षाला हाक मारली.

"इकडं ये. यावर उभी राय."

वर्षा कपड्यावर उभी राहिली.

"तशी नाई. अंग टाकून. बोटं पसर." हंसाबाई खाली बसली, कोळसा घेतला आणि पायाभोवती रेघ मारली. प्रत्येक बोटाच्या बाजूनं फिरवली. मग वर न बघता म्हणाली, "सांग, कोठं जाड पायजे?"

मित्रांनो, त्या घरात हा प्रश्न कोणी कोणाला विचारलेला मी ऐकला नव्हता. वर्षा आईच्या डोक्याकडे बघत उभी राहिली.

"बोल ना वं. तोंडात काय कापूस भरला?"

"कोठंच नाई याडी. नुसतं टाचेखाली, उजव्या, थोडंसं."

"किती थोडं?"

"एक पदर."

"एक पदर," हंसाबाई म्हणाली आणि कापायला लागली.

त्या दिवशी दारात बसून तिनं शिवलं. दुसऱ्याही दिवशी शिवलं. सात पदर खादीचे, उजव्या टाचेखाली आठ, सगळ्यात खाली ट्यूब. जवळजवळ टाके, मुंगी चालल्यासारखे. मला टोचत होतं, पण हे टोचणं वेगळं होतं. डोळ्यांना दिसेना तेव्हा तिनं बोटानं चाचपून टाका घातला. बोटातून रक्त आलं की ओढणीला पुसलं. शेजारीण येऊन म्हणाली, "हंसाबाई, चपला शिवायचा धंदा कवापासून?" हंसाबाई म्हणाली, "तुह्या तोंडालेबी दोन टाके मारू काय?" शेजारीण गेली.

संध्याकाळी वर्षानं मला घातलं. लिंबापर्यंत गेली आणि आली. आवाज नव्हता. तिनं मला वाकवलं, मी वाकले. तिनं आईकडे पाहिलं.

"किती टिकीन याडी?"

जिनं आयुष्यभर घागर, विळा, जावई, सगळं टिकाऊ आहे का बघून घेतलं, ती बाई म्हणाली, "आठशे मीटर. त्याच्यावर एका पावलाची बी हमी देत नाई मी."

मंगळवारी सकाळी आम्ही यवतमाळच्या मैदानावर होतो. घरच्यांना कुंपणाबाहेर थांबवलं होतं. हंसाबाई जाळीला बोटं अडकवून उभी. वर्षाच्या छातीवर नंबर. आजूबाजूच्या पोरींच्या पायांत नवे बूट, निळे, गुलाबी, टाचेत हवा भरलेले. एकीनं माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीला कोपर मारलं. मी लाजले नाही. लाजायला वेळच नव्हता.

दोन फेऱ्या होत्या. शिट्टी झाली. पहिली फेरी मी कशी धावले ते मला आठवत नाही, एवढं हलकं सगळं होतं. ट्यूब मातीला धरत होती, गिट्टीचा खडा लागला तर कळत होता आणि बोचत नव्हता. उजवी टाच शाबूत. दुसऱ्या फेरीत वर्षानं पाच-सहा पोरी मागे टाकल्या. शेवटचं वळण आलं, आणि माझ्या डाव्या टोकाला पहिला टाका तुटला. मला तो आवाज ऐकू आला. मग दुसरा. मग एकदम चार. सोलचं टोक सुटलं आणि जिभेसारखं लोंबायला लागलं. एका पावलाला ते दुमडलं आणि वर्षा तोल जाऊन पुढे झुकली.

पडली असती. पडली नाही. तिनं पळता पळताच उजव्या पायानं डावी टाच दाबली आणि डावा बूट झटकून टाकला.

मित्रांनो, मला काय झालं ते कसं सांगू. मी आयुष्यात पहिल्यांदा दोन ठिकाणी होते. अर्धी मी मातीत पालथी पडले, आणि मागून येणाऱ्या पोरी माझ्यावरून उड्या मारत गेल्या. आणि अर्धी मी वर्षाच्या उजव्या पायात, कच्च्या टाचेखाली आठ पदर धरून, रेषेकडे पळत होते. डाव्या बाजूला नुसता पाय. तोच रुंद, काळा, सुट्या बोटांचा पाय, जो मला घालायच्या आधीपासून पळत होता. तो खड्यांवरून गेला आणि थांबला नाही.

वेळ सांगितली तेव्हा वर्षाला ऐकू आली नाही. तिनं पुन्हा विचारलं. एक सेकंद आत.

एका हवालदारानं मला दोन बोटांत धरून उचललं. "कोणाचं हाय हे? बूट हाय का पायपुसणं?"

"माह्या याडीनं शिवला, सर," वर्षा म्हणाली. आणि त्याच्या हातातून मला दोन्ही हातांनी घेतलं.

फाटकाबाहेर हंसाबाईनं पोरीच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आधी मला घेतलं. डाव्या टोकाची उसवलेली शिवण बोटानं उलटी करून पाहिली.

"इथं दोरा दुहेरी पायजे होता. कोठं सुटलं?"

"शेवटच्या वळणावर."

"रेघ किती लांब होती?"

"असन साठ पावलं."

हंसाबाईनं मान हलवली. "मंग माह्या हमीत साठ पावलांची खोट निघाली." आणि तिथं, यवतमाळच्या रस्त्यावर, पोरीचा डावा पाय मांडीवर घेऊन त्यातले खडे ती एकेक करून काढायला लागली. वर्षा म्हणाली, "मी काढते ना." हंसाबाई म्हणाली, "तू सांग कोठं दुखते."

यादीत वर्षाचं नाव लागलं. ती प्रशिक्षणाला गेली. तिथं तिला काळे जड बूट मिळाले, ते चालण्याच्या कामाचे आहेत आणि चांगले आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. मी घरी राहिले. पहिले काही दिवस तांड्यातल्या बाया मला बघायला यायच्या. मग येईनाशा झाल्या. एका पावसाळ्यात उंदरानं माझ्या उजव्या टाचेचे तीन पदर नेले. त्याच्या बिळात ते पोचले असतील, त्याच्या पोरांना ऊब झाली असेल. हंसाबाईनं मला दुरुस्त केलं नाही आणि फेकलंही नाही. झाडताना माझ्याखाली झाडते, मला हलवत नाही.

मित्रांनो, मला धक्के पुष्कळांनी दिले, पण सगळ्यात मोठा धक्का एकाच बाईनं दोनदा दिला. टायर ठोकून आणला तोही मायेनं, आणि खादीचे पदर शिवले तेही मायेनं. माया तेवढीच होती. मधल्या एका रात्रीत तिला फक्त विचारायचं सुचलं.

म्हणून माझी एवढी विनंती आहे. एखादी वस्तू नाजूक दिसली की लगेच तिला जाड करायला जाऊ नका. ती कशासाठी केली आहे ते आधी बघा, आणि जिच्या पायात ती जाणार आहे तिला उभं करून विचारा. बूट ओले झाले तर सावलीत वाळवा, टिनावर नाही. आणि टोकात कापूस दिसला तर, कोणी का भरलेला असेना, बाहेर काढा. बोटांना जागा लागते.